इमानातलं लेकरू

विमान आलं तरी यशोदाबाई मान वर करून बघायची नाही. शिरड शहापूरच्या अलीकडे, गावाच्या माळावर एका कारखानदार शेठनं स्वतःसाठी धावपट्टी करून घेतली होती. सुरुवातीला सगळं गाव तारेच्या कुंपणाला चिकटून उभं राहायचं. शेठ उतरायचा, गाडीत बसायचा, धुरळा उडवत निघून जायचा. पुढे पुढे लोकांचा कंटाळा वाढला. आता विमान आलं की रानातल्या बाया बोलणं थांबवायच्या, कारण त्या आवाजात काही ऐकू यायचं नाही, आणि आवाज गेला की अर्धं राहिलेलं बोलणं तिथूनच पुढं चालू व्हायचं.

त्या दिवशी आवाज मध्येच बंद झाला.

हळदीची काढणी चालू होती. यशोदाबाई, भिकाबाई आणि आणखी चौघीजणी खणलेल्या सरीत बसून कंद वेचत होत्या. यशोदाबाईचा नवरा मसाजी मेंढरं घेऊन नाल्याच्या पलीकडे होता. आवाज थांबला तशी यशोदाबाईनं वर बघितलं. पांढरं, चार जणांच्या बैठकीचं ते विमान धावपट्टीकडे यायचं सोडून त्यांच्या अंगावरच येत असल्यासारखं दिसलं. पंखा फिरायचा थांबला होता. ते नुसतं घरंगळत खाली येत होतं.

"पळा गं!" भिकाबाई ओरडली.

बाया वाट फुटेल तिकडे पळाल्या. विमानाचा एक पंख बांधावरच्या बाभळीला अडकला, सगळं धूड गर्रकन फिरलं आणि न खणलेल्या हळदीत तोंड खुपसून पडलं. जाळ झाला नाही. मोठा आवाजही झाला नाही. पत्र्याची पेटी उंचावरून टाकावी, तसा झाला. मग सगळीकडे पेट्रोलचा वास.

सगळ्यांत आधी यशोदाबाई परतली. का परतली ते तिला पुढे कुणी विचारलं तेव्हाही सांगता आलं नाही. काचेतून तिला एक हात दिसला होता, एवढंच. दार अर्धवट उघडलेलं होतं. आत एकटाच पायलट होता. पंचविशीतला, पांढरा शर्ट, खांद्यावर काळ्या पट्ट्या. पट्ट्यात अडकून तो लोंबकळल्यासारखा बसला होता आणि शुद्धीवर होता.

"मावशी, पट्टा... तो लाल खटका दाबा," तो म्हणाला.

मराठी बोलतोय हे ऐकून तिला धीर आला. तिनं खटका दाबला. तोवर भिकाबाई आली. दोघींनी काखेत हात घालून त्याला ओढत बांधाच्या पलीकडे, लिंबाच्या सावलीत आणलं. ओढताना तो एकदाच ओरडला. कपाळावर थोडंसं खरचटलं होतं. रक्त म्हणावं असं कुठंच नव्हतं. यशोदाबाईला वाटलं, वाचलं लेकरू.

"पाणी द्या ना मावशी," तो म्हणाला.

बायांची पाण्याची कळशी त्याच लिंबाखाली होती. यशोदाबाईनं तांब्या भरला, त्याच्या मानेखाली हात घातला, आणि तेवढ्यात मागून कुणीतरी तिचं मनगट धरलं.

"काकू, थांबा. पाणी देऊ नका."

ती ज्योती होती, उपकेंद्राची आरोग्यसेविका. सगळं गाव तिला सिस्टर म्हणायचं. अंगणवाडीत लेकरांना डोस द्यायला ती आली होती आणि विमान पडताना बघून तशीच पळत सुटली होती. ती गुडघ्यावर बसली, त्याची नाडी बघितली, शर्ट वर करून पोटावर हात ठेवला. तिचा चेहरा बदललेला यशोदाबाईनं पाहिला.

"पोट टणक लागून राहिलं," ती हलक्या आवाजात म्हणाली. "आत रक्त जाऊन राहिलंय. त्याला ऑपरेशन लागंल. पाणी पोटात गेलं तर उलटी होईल, श्वासात जाईल. एक थेंब बी नका देऊ."

"अवं, पण मागून राहिला तो."

"मागू द्या. पदर ओला करून ओठाला लावा फक्त."

ज्योतीनं फोन केला. ॲम्ब्युलन्स निघाली होती, पण पाणंदीनं गाडी रानापर्यंत येणार नव्हती. डांबरीपर्यंत उचलून न्यावं लागणार होतं. ज्योती बाज आणि माणसं आणायला गावाकडं पळाली. जाताना पुन्हा एकदा वळून म्हणाली, "काकू, न्हाई म्हणजे न्हाई."

यशोदाबाई त्याच्या उशाशी बसली. पदराचं टोक भिजवून त्याच्या ओठांना लावलं. त्यानं ते चोखलं, लहान लेकरू चोखतं तसं. "अजून," म्हणाला. मग बरंच काही बोलत राहिला. काही कळत होतं, काही नुसतंच पुटपुटणं. मधून मधून, "मावशी, पाणी. थोडंसंच." त्याची नजर तांब्याकडे जायला लागली तसा तिनं तांब्या उचलून आपल्या पाठीमागे ठेवला.

"आणून राहिले बाप्पा," ती म्हणाली. "पाणी संपलं इथलं. माणूस गेलाय आणाया. आत्ता येतंय."

"हो का," तो म्हणाला. त्याचा विश्वास बसला होता.

मग गाव आलं. बाज आली. मसाजी मेंढरं तशीच टाकून धावत आला आणि त्यानं बाजेचा एक पाय खांद्यावर घेतला. नाला ओलांडेपर्यंत पायलट कण्हत होता. डांबरी दिसायला लागली तेव्हा तो कण्हायचा थांबला. ज्योती बाजेसोबत चालता चालता त्याच्या मनगटावर बोटं ठेवून होती. तिनं "थांबा" म्हटलं नाही. ती तशीच चालत राहिली, ॲम्ब्युलन्सपर्यंत, आणि यशोदाबाईला तिच्या चालण्यावरूनच कळलं.

त्याचं नाव रुद्र होतं. नाशिकचा. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात फोटो आला, हसरा, गॉगल लावलेला. शेठ विमानात नव्हता. त्याला आणायलाच ते निघालं होतं, असं पेपरात होतं. चौकशीची माणसं आली, त्यांनी हळदीत दोऱ्या बांधल्या, फोटो काढले, तुकडे उचलून ट्रकमध्ये भरले आणि नेले. कशामुळं पडलं ते कळायला वेळ लागेल म्हणाले.

गावाला मात्र एकच गोष्ट पुरली. ती भिकाबाईनं पाण्याच्या टाकीखाली सांगितली, किराणा दुकानात सांगितली, जवळा बाजार गावच्या आठवडी बाजारात सांगितली.

"लेकरू पाणी पाणी करून मेलं, माय. कळशी भरलेली. अन् त्या सिस्टरनं यशोदीचा हात धरला. मरत्या माणसाला पाणी न्हाई द्यायचं, असं कुठं असतंय का?"

हे ऐकणाऱ्या बाया यशोदाबाईकडे बघायच्या. तिनं काही म्हणावं म्हणून थांबायच्या. यशोदाबाई काहीच बोलायची नाही. रात्री डोळा मिटला की तिला तो "हो का" ऐकू यायचा, आणि दिवसा लोक ज्योतीचं नाव घ्यायचे तेव्हा छातीवरचा भार जरा हलका झाल्यासारखा वाटायचा. असा हलकेपणा वाटतोय, याचीही तिला मग शिसारी यायची. तिचं जेवण तुटलं. हळद शिजवायला घेतली तरी ती कढईजवळ नुसतीच उभी राहायची आणि मसाजी ओरडायचा, "अगं, जाळ बघ की. कुठं ध्यान हाय तुझं?"

ज्योती गावात येतच होती. तोंड बांधून गाडीवरून यायची, काम करायची, जायची. पुढच्या लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीच्या ओट्यावर लेकरं नेहमीपेक्षा कमी आली, असं यशोदाबाईच्या सुनेनं घरी येऊन सांगितलं. सूनही लेकराला घेऊन गेली नव्हती. "सगळ्याजणी थांबल्या, मंग मी बी थांबले," ती म्हणाली.

तेराव्यापर्यंतचे दिवस झाल्यावर रुद्रची आई आली. सोबत तिचा भाऊ होता. गाडी डांबरीवर ठेवून ती दोघं पाणंदीनं चालत आली. सरपंचानं पुढे होऊन जागा दाखवली. आईचं नाव संध्या. बँकेत नोकरीला. साधी सुती साडी, पायात बूट, चेहऱ्यावर काहीच नाही. बाभळीची मोडलेली फांदी अजून तशीच लोंबत होती. हळदीत जिथं विमानाचं तोंड रुतलं होतं तिथं खड्डा होता आणि त्याच्या आजूबाजूचे कंद कुणी काढले नव्हते. ती त्या खड्ड्याकडे बघत बराच वेळ उभी राहिली.

"त्याच्याजवळ कोण होतं?" तिनं विचारलं.

भिकाबाई तयारच होती. "आमी होतो बाई. आमीच ओढून काढलं. लई तडफडलं हो लेकरू पाण्यासाठी. यशोदी द्यायला लागली व्हती, पण आमच्या सिस्टरनं देऊ न्हाई दिलं."

आईनं मान वळवली. "कोण सिस्टर? कुठं आहे ती?"

"बोलवू का?" सरपंच म्हणाला.

यशोदाबाई माणसांच्या मागे, मसाजीच्या आडोशाला उभी होती. या क्षणी ती नुसती गप्प राहिली असती तरी चाललं असतं. पोरगं पाठवून ज्योतीला बोलावलं असतं, ती आई जे बोलायचं ते ज्योतीला बोलली असती, आणि गाडी नाशिकला गेली असती. यशोदाबाईला हे सगळं एका दमात दिसलं. ती पुढं आली.

"सिस्टरला नका बोलवू," ती म्हणाली. "ती सांगून माणसं आणाया गेली व्हती. मागं मीच व्हते जवळ. तांब्या माझ्या हातात व्हता."

"मग?"

"मंग मी न्हाई दिलं."

मसाजीनं तिचा दंड धरला. "चाल, हो मागं." तिनं तो सोडवला.

"पोटात रक्त हाय, पाणी दिलं तर जीव जाईल, असं सिस्टर म्हणली. मला वाटलं जगंल. जगंल म्हणूनच न्हाई दिलं, ताई. पदर भिजवून व्हटाला लावला. तो तांब्याकडं बघाया लागला तवा मी तांब्या पाठीमागं ठिवला. पाणी संपलं म्हणले. माणूस आणाया गेलाय म्हणले. खोटं बोलले मी त्याच्यासंगं. त्यानं खरं मानलं."

रुद्रच्या मामानं बहिणीच्या पाठीवर हात ठेवला. "संध्या, यांनी बाहेर काढलं त्याला. वास येत होता पेट्रोलचा, तरी गेल्या या."

आई ढेकळात खाली बसली. हातात माती घेऊन नुसती चाळवत राहिली. मग तिनं वर बघितलं, थेट यशोदाबाईच्या डोळ्यांत.

"एक घोट," ती म्हणाली. "एक घोटसुद्धा नाही?"

आई उठली, साडीची माती झटकली नाही, आणि आली तशी पाणंदीनं निघून गेली. सरपंचाच्या घरी चहा ठेवलेला होता. तो तसाच राहिला. मामा मागे थांबला, मसाजीकडून त्याचा फोन नंबर लिहून घेतला, हात जोडले आणि बहिणीच्या मागे धावला.

घराच्या दारात पाय ठेवला तसा मसाजी फुटला. "तुला काहून बोलायचं होतं? कुणी इचारलं व्हतं का तुला? तिच्या जिवाला अजून घोर लावून दिला. तांब्या लपवला म्हणं! हे सांगायची गोष्ट हाय का?"

"मंग कुणाला सांगू?" ती म्हणाली. "तुमाला सांगितलं असतं तर तुमी म्हणले असते, विसर."

"व्हय, म्हणलोच असतो."

"तेच तर."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उपकेंद्रावर गेली. ज्योती एकटीच होती, औषधांची खोकी लावत. तिनं बसायला खुर्ची दिली.

"कळलं मला काल काय झालं ते," ती म्हणाली. "माझं नाव घ्यायचं ना काकू. मीच म्हणले होते."

"तुमी म्हणल्या. पण हात माझा व्हता."

ज्योती खोकी लावत राहिली. तिचे हात थांबत नव्हते. "मी बराबरच सांगितलं होतं. परत तसाच माणूस पडला तर परत तेच सांगीन. डॉक्टरांनाबी विचारलं, ते म्हणले बराबर. पण काकू, एक सांगू? तुमचं मनगट धरलं ना, त्याच वक्ताला मला वाटलं, आता हे माझ्या अंगावर येणार. माझ्या आज्याला या गावात तुमच्या लोकांच्या विहिरीला शिवू देत नव्हते. वरून ओंजळीत ओतायचे. अन् आता मीच कुणाचं तरी पाणी अडवलं म्हणून गाव बोलून राहिलं."

यशोदाबाईनं मान खाली घातली. ती विहीर मसाजीच्या चुलत्याची होती. हे ज्योतीला माहीत होतं की नाही, ते तिला कळलं नाही, आणि विचारायची हिंमत झाली नाही.

"पंधरा दिस मी ऐकून घेतलं," ती म्हणाली. "लोकं तुमाला बोलत व्हते अन् मी गप व्हते. मला बरं वाटत व्हतं, सिस्टर."

ज्योतीनं पहिल्यांदा हात थांबवले. रागावली की काय, असं यशोदाबाईला वाटलं. कदाचित रागावलीही होती.

"नातीचा डोस राहिलाय तुमच्या," शेवटी ती म्हणाली. "मंगळवारी आणा."

मंगळवारी यशोदाबाईनं सुनेला घरी ठेवलं आणि नातीला स्वतः कडेवर घेऊन निघाली. मुद्दाम टाकीखालून गेली. भिकाबाई घागर भरत होती. "कुठं निघाली गं?" तिनं विचारलं.

"सिस्टरकडं. डोस द्यायला."

"तिच्याकडं?"

"मंग कुणाकडं? तुझ्याकडं सुई हाय का?"

ओट्यावर यशोदाबाई नातीला मांडीवर घेऊन सगळ्यांत पुढं बसली. नात रडली, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी रडली. त्यानंतर दोघीजणी आपापली लेकरं घेऊन आल्या. बाकीच्या आल्याच नाहीत. त्यांनी तालुक्याला नेली म्हणे. पुढच्या महिन्यात आणखी काही येतील, असं ज्योती म्हणाली. तिला तशी सवय होती.

हळद शिजवून झाली, खळ्यावर वाळत पडली. यशोदाबाई जेवायला लागली, पण थोडंसंच. एका संध्याकाळी ती वाळत घातलेली हळद फावड्यानं पालटत होती, तेव्हा मसाजी फोन घेऊन आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"तुझ्यासाठी हाय. नाशिकवरून."

तिनं पदराला हात पुसून फोन घेतला.

"मी संध्या," आवाज आला. "रुद्रची आई."

"बोला, ताई."

"मी तीन डॉक्टरांना विचारलं. तिघांनीही सांगितलं, तुमच्या नर्सनं सांगितलं तेच बरोबर होतं. त्याचं यकृत फाटलं होतं. पाणी दिलं असतं तरी, नाही दिलं तरी..." ती थांबली. "मला हे सगळं समजतं. तरी मला तुमचा राग येतो. रोज येतो. तुम्हाला हे सांगितलं पाहिजे असं वाटलं."

"येऊ द्या," यशोदाबाई म्हणाली. "मला बी माझा येतो."

मसाजी खुणेनं विचारत होता, काय म्हणते? यशोदाबाईनं त्याच्याकडे पाठ केली.

"त्या दिवशी मी उठून गेले," संध्या म्हणाली. "मग गाडीत लक्षात आलं, तुम्हाला पुढचं काहीच विचारलं नाही. त्याला शेवटी बघितलेलं असं माझ्या ओळखीचं दुसरं कुणीच नाही. तो पाण्याशिवाय आणखी काही बोलला का?"

यशोदाबाई खळ्याच्या कडेला टेकली. "बोलला. लई बोलला. सगळं न्हाई कळलं मला. उंची किती, वारा कुठून, असं कायबाय इमानाचं बोलत व्हता. कुणाला लागलं का, असं इचारलं एकदा. मी म्हणले, न्हाई बाप्पा, बाया पळाल्या. मंग..."

"मग काय?"

"मंग म्हणला, आईला आत्ता फोन करू नका. ती बँकेत असंल. पाचनंतर करा."

पलीकडून आवाज आला नाही. फोन कटला की काय म्हणून यशोदाबाईनं कानापासून दूर धरून बघितला, मग परत लावला.

"ताई?"

"मी त्याला ओरडायचे," संध्या म्हणाली. तिचा आवाज ओळखू येत नव्हता. "कामाच्या वेळेत फोन केला की. काउंटरवर माणसं असतात ना. मी म्हणायचे, पाचनंतर कर. प्रत्येक वेळी तेच म्हणायचे."

आणि मग ती रडायला लागली. जागा बघताना, मातीत बसताना रडली नव्हती, ती आता रडत होती, हुंदक्यावर हुंदका. यशोदाबाईनं तिला गप्प बस म्हटलं नाही. काही समजूतही घातली नाही. तिच्याजवळ घालण्यासारखी समजूत नव्हतीच. फोन कानाला तापत होता. मसाजी थोडा वेळ उभा राहिला आणि मग तिच्या हातातलं फावडं घेऊन राहिलेली हळद स्वतःच पालटायला लागला.

रडणं ओसरल्यावर संध्या म्हणाली, "पहिल्यापासून सांगाल का? विमान दिसलं तिथपासून. मला घाई नाही."

"जेवल्या का तुमी?"

"नाही अजून."

"मंग आधी दोन घास खाऊन घ्या. मी हाय इथंच."

"नाही, फोन ठेवू नका."

"न्हाई ठेवत," यशोदाबाई म्हणाली, आणि सांगायला लागली. "आमी हळद येचून राहिलो व्हतो. आवाज आला, तवा मी वर बी बघितलं न्हाई..."